भरल्या गाडीचा चढ

गाडी आपण होऊन पळाली असं सांगणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते ताईला सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास कळलं. आधी तोंडाकडे बघतात, मग पायांकडे, आणि मग एकमेकांकडे.

ताई डायलिसिसच्या पेशंटांची व्हॅन चालवायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी घरून उचलायचं, दुपारी परत घरी सोडायचं. सात वर्षं हेच. पुढच्या सीटवर मास्तर बसायचे. गणिताचे, निवृत्त झालेले, पण पुढच्या गाडीच्या नंबराची बेरीज केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मागे शिंपीणकाकू, त्यांच्या मांडीवर कायम कुणाचातरी काजं करायचा राहिलेला झगा. त्यांच्या शेजारी नवरदेव. हा पस्तिशीतला कारकून मशीनवर चार तास आडवं व्हायला जातानासुद्धा कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा, म्हणून काकूंनी त्याचं हे नाव ठेवलेलं. आणि सगळ्यात मागे मास्तरांची घडीची व्हीलचेअर.

दवाखान्याच्या दाराशी जायला चांगलाच उभा चढ होता आणि त्या चढाच्या मध्यावर आडवा दांडा. वॉचमन दांडा उचलेपर्यंत गाडी चढावरच धरून ठेवायची, मग अर्ध्या क्लचवर उचलायची. ताईनं ती हजारदा उचलली असेल. सोमवारी दांडा वर गेला, तिनं रेस दिली, आणि इंजिन असं काही ओरडलं की क्षणभर तिला वाटलं, शेजारून दुसरी कुठली गाडी गेली. मग कळलं, आपलीच.

तिनं पाय उचलला. गाडी थांबायचं नाव घेईना. तिनं ब्रेक मारला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा ब्रेक पायाखाली दगडासारखा लागला. काकू "अगं अगं अगं" करत होत्या. समोर दार, दाराशी बाकडं. तिनं स्टिअरिंग पिळलं आणि गाडी फुलझाडांच्या कठड्यावर जाऊन आदळली. विटा सांडल्या. इंजिन बंद पडलं. सगळीकडे एकदम इतकं शांत झालं की मास्तरांच्या चष्म्याची काडी खाली पडल्याचासुद्धा आवाज आला.

बाकड्यापासून गाडीचं नाक वीतभर लांब होतं. बाकड्यावर त्या वेळी कुणी बसलेलं नव्हतं. ताई नंतर दिवसभर त्या रिकाम्या बाकड्यावर मनातल्या मनात माणसं बसवत राहिली.

आतून सिस्टर धावत आल्या. तिघांची नाडी बघितली, कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मग ताईच्या खांद्यावर हात ठेवून त्या इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, पाय चुकला का हो?"

रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही सिस्टर. गाडीच पळाली."

सिस्टरांनी मान हलवली. आजारी माणूस "मला काही झालेलं नाही" म्हणतं तेव्हा हलवतात, तशी.

एक गोष्ट मात्र ताईनं कुणालाच सांगितली नाही. आठ दिवसांपूर्वी याच दांड्याशी गाडीनं असाच एक हिसका दिला होता. त्या वेळी तिचा डावा पाय घाबरून क्लचवर गेला होता आणि इंजिन लगेच शहाण्यासारखं गप्प झालं होतं. तेव्हा तीही स्वतःला हेच म्हणाली होती, पाय चुकला असेल.

दादाचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खड्डा आणि भिंतीवर आकारानं लावलेले पाने. प्रत्येक पान्याभोवती रंगानं त्याची आकृती काढलेली, म्हणजे जागेवर नसला की लगेच ओरडता येतं. दादा तिचा थोरला भाऊ. गाडी चालवायला तिला त्यानंच शिकवलं होतं, शेजारी बसून, "पाय बघ, पाय!" असं कोकलत. सोमवारी दुपारी त्यानं व्हॅनचं बॉनेट उघडलं, चालू करून कान दिला, रेस ओढून बघितली, सोडून बघितली. मग एकटाच बसून मोठ्या रस्त्यानं वीस मिनिटं फिरवून आणली.

एकट्यानंच. हा त्याचा नियम होता आणि तो नियमाचा पक्का होता. दुरुस्तीच्या गाडीत दुसरं माणूस बसवायचं नाही, काही झालं तर आपलं आपल्यापाशी. त्याच्या गॅरेजात तीस वर्षांत कुणाला ओरखडा आला नव्हता तो याच नियमामुळे.

परत येऊन तो हात पुसत उभा राहिला. चिंधी हातापेक्षा काळी होती.

"काय रे?" ताईनं विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे, ठमे."

ठमी हे तिचं लहानपणचं नाव. छप्पन्नाव्या वर्षी त्या नावानं हाक मारणारा हा एकटाच उरला होता.

"मग सकाळी माझ्या अंगात आलं होतं का?"

"तू क्लच का नाही दाबलास?"

"सुचलं नाही."

"बघ." एवढंच म्हणाला. पण त्या 'बघ'मध्ये सगळं आलं. जिला क्लच सुचत नाही, तिला कुठला पाय कुठे होता हे तरी काय आठवणार?

"ब्रेक मारला होता मी. पंप करून. तूच शिकवलंस तसा."

"ते जुन्या गाड्यांना, बाई! या गाडीत एकदाच दाबायचा आणि दाबून धरायचा. इंजिन फुल रेसवर असताना दोनदा सोडलास की तो दगड होतो."

"मग हे मला तीस वर्षांत सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

वहिनी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "वन्सं, यांना लग्नात माझं नाव बदलायचंय की ठेवायचंय हे सांगायला चार महिने लागले. ब्रेकचं तर तीस वर्षांत सांगितलं, नशीब समजा." मग कप हातात देताना हळूच, "चष्म्याचा नंबर तपासून घ्या हं एकदा. माझाही वाढलाय."

सगळे प्रेमानंच बोलत होते. म्हणून तर ताई अर्धा चहा तसाच ठेवून उठली.

घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, समोर फरशीवर तीन चपला मांडल्या. डावी क्लच, मधली ब्रेक, उजवी रेस. डोळे मिटून बसली आणि स्वतःलाच हुकूम सोडू लागली. ब्रेक. रेस. ब्रेक. क्लच. डोळे उघडून बघायचं, पाय कुठे आहे. चाळीसदा बरोबर आला. एकेचाळिसाव्या वेळी उजवा पाय ब्रेकच्या चपलेच्या काठावर पडला, अर्धा आत, अर्धा बाहेर. ती कितीतरी वेळ त्या पायाकडे बघत बसली. तिचाच पाय, तिचीच करंगळी, पण एखाद्या पाहुण्यासारखा दिसत होता.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहायचा. मग चावी दाराला तशीच. मग एक दिवस ती दादाला म्हणाली, "तुम्ही कुणाकडे आलात?" आई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती.

ताईनं चपला उचलून जागच्या जागी ठेवल्या. आता तिच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. पाय चुकला असेल, तर चावी आजच सिस्टरांच्या हातात द्यायची आणि पुन्हा त्या सीटवर बसायचं नाही. आणि गाडी चुकली असेल, तर परवा सकाळी ती पुन्हा त्या तिघांना घेऊन पळणार. पहिलं खरं असलं तर आपण गेलो. दुसरं खरं असलं तर ते तिघं. आणि तिला, देवाशपथ, सांगता येईना की यातलं काय खरं असावं असं तिला वाटतंय.

बुधवारी दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही. मशीनची पाळी चुकवून चालत नाही, अंगात पाणी चढतं, श्वास लागतो. ताईनं तिघांना उचललं आणि गाडी अशी हाकली की मास्तर म्हणाले, "ताई, मघाशी आपल्याला एका आजोबांनी मागे टाकलं. चालत."

चढाकडे ती गेलीच नाही. दवाखान्याच्या मागे सामान उतरवायचं फाटक होतं, सपाटीवर, तिथून तिनं गाडी आत घेतली.

"आज मागच्या दारानं?" काकू म्हणाल्या. "आम्ही काय कपाटं आहोत का गं?"

सगळे हसले. ताईही हसली. तिघं आत गेल्यावर ती रिकाम्या गाडीत बसून राहिली. गाडीनं सकाळपासून काही म्हणजे काही केलं नव्हतं.

आणि मग तिच्या डोक्यात ते आलं. वीज वगैरे चमकली नाही. घरभर शोधलेली कात्री आपल्याच मांडीखाली सापडावी तसं झालं. दोन्ही वेळा चढ होता. दोन्ही वेळा गाडी भरलेली होती. दोन्ही वेळा तिनं ती थांबून उचलली होती. आणि दादानं काय केलं? एकट्यानं, रिकाम्या गाडीनं, सपाट रस्त्यावर वीस मिनिटं हवा खाल्ली.

"नाही," संध्याकाळी गॅरेजात दादा म्हणाला. "माणसं बसवून मी टेस्ट घेत नाही."

"माणसं कोण म्हणतंय? पोती भर."

"पोती?"

"वाळूची. मास्तर पन्नास किलो, काकू सत्तर. सत्तर सांगितलंय म्हणून त्यांना सांगू नकोस. नवरदेव साठ धर. आणि खुर्चीच्या जागी तुझी ती मेलेली बॅटरी टाक."

"ठमे, अगं, गाडीत काही नाहीये."

"मग घाबरतोस कशाला?"

घाबरत तो नव्हता. तिला वाईट वाटेल म्हणून थांबत होता. चढावर काही झालं नाही, तर मग तिला काय सांगायचं, याची त्यानं मनात तयारी चालवलेली होती आणि ती त्याच्या तोंडावर दिसत होती. आईला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं त्या दिवशी त्याचं तोंड असंच होतं.

गुरुवारी दुपारी पाण्याच्या टाकीच्या रस्त्यावर गेले. तिकडे कुणी फिरकत नाही. सरळ चढ, वर टाकीचं लोखंडी फाटक, ते कायम बंद. पोत्यांना पट्टे लावले. काकूंचं पोतं एका बाजूला कलंडत होतं, ते ताईनं दोनदा नीट बसवलं.

आधी दादानं चालवली, ताई खाली उभी राहिली. तो मध्यावर थांबला, अलगद क्लच सोडला, अलगद वर गेला. पुन्हा खाली आला, पुन्हा गेला. लोणी. तीस वर्षांचा पाय होता तो, इंजिनाला कळायच्या आत गाडी उचलायचा.

"आता मी," ताई म्हणाली. "आणि तू शेजारी बस."

"माझा नियम..."

"तुझा नियम इथंच खाली ठेव, येताना घेऊ. मला बघायला माणूस हवाय."

तो बसला. तिनं गाडी मध्यावर नेऊन थांबवली. मागे पोत्यांनी गाडीला खाली ओढून धरलेलं अंगाला जाणवत होतं. तिनं मनात दांडा वर जाऊ दिला, आणि सात वर्षं उचलत होती तशी, मागून दुसऱ्या गाडीनं हॉर्न मारावा इतक्या घाईत, रेस देऊन क्लच सोडला.

इंजिन ओरडलं.

गाडी उडीच मारून निघाली. डोकी मागे आपटली. दादा ओरडला, "पाय! पाय काढ!"

क्लच दाबला की हे थांबणार, हे तिला आता माहीत होतं. डावा पाय तिथंच होता, टाचेच्या अंतरावर. आणि क्लच दाबला की हे सगळं पुन्हा शहाण्यासारखं गप्प होणार, आणि तो पुन्हा म्हणणार, बघ.

तिनं दाबला नाही. तिनं दोन्ही पाय उचलले. उजवा तर गुडघ्यातून वाकवून सरळ सीटवर घेतला, पाटावर बसल्यासारखा.

"बघ!" ती ओरडली. "बघ ना, बघ!"

दादानं खाली बघितलं. खाली तिन्ही पेडल मोकळी होती. रेसचं पेडलसुद्धा पूर्ण वर आलेलं, त्याच्यावर कुणी नव्हतं, आणि इंजिन तरी ओरडतच होतं. वर बघितलं तर फाटक, आणि त्याच्या एकेका गजावरचा गंज दिसायला लागलेला. ताईला नंतर त्याचा चेहरा आठवायचा तो त्या क्षणाचा. तीस वर्षं 'गाडीच पळाली' या ज्या गोष्टीला तो हसत आला होता ती त्याच्या पुढ्यात घडत होती, आणि ती त्याला ठार मारणार होती.

"क्लच!" त्यानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. "ठमे, क्लच..."

तिचा पाय सीटवरून उतरायला जो अर्धा श्वास गेला, तो तिला पुढे कित्येक दिवस छातीत सापडत राहिला. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, एकदाच, दाबून. गाडी घसरत, ओरखडत फाटकाशी थांबली. मागे एक पोतं फुटलं आणि वाळू सुर्र करत खाली सांडत राहिली.

इंजिन बारीक आवाजात नीट चालू होतं. कानाशी लागलं असतं तर म्हणालं असतं, मी? मी कधी?

दादानं हात पुढे करून चावी बंद केली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मेलो असतो गं," तो म्हणाला. "मूर्ख बाई. मेलो असतो."

"तू बघितलंस ना?"

तो बोटांच्या फटीतून फाटकाकडे बघत होता.

"दादा, बघितलंस ना?"

"बघितलं."

मग ताईला रडू आलं. वाचल्याचं नव्हतं ते. आपला पाय आपलाच आहे, याचं होतं.

दादानं बॉनेट उघडलं आणि इंजिनाखाली पहार घालून नुसतं उचलून बघितलं. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं त्यातला एक मधोमध फाटलेला होता. इंजिन शांत असलं की ठोकळा मिटून बसायचा, बघणाऱ्याला वाटावं अखंड आहे. पण भरल्या गाडीला चढावर जोर लावला की इंजिन एका बाजूनं वीतभर उचललं जायचं, आणि उचललं की रेसची वायर ओढायचं. वायर ओढली की आणखी जोर, आणखी जोर आला की आणखी उचल. क्लच दाबला की सगळं खाली बसणार. पुरावा कुठेच राहणार नाही.

तो वायरीकडे बघत राहिला. वायर तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ होती, केसाएवढीसुद्धा ढील नव्हती.

"ही मी बसवली," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात. रेस ढिली लागते म्हणालीस म्हणून. मापापेक्षा ओढून बसवली, तुला काही बोलायला जागा राहू नये म्हणून. थोडी ढील ठेवली असती, तर इंजिन उचललं तरी ओढली नसती."

ताईला पुष्कळ बोलता आलं असतं. ती म्हणाली, "वाळू कोण झाडणार आता?"

त्यानं एकट्यानं झाडली. संध्याकाळपर्यंत नवे ठोकळे आणि नवी वायर बसवली, आणि दोघांनी पोती घालून टाकीचा चढ अकरा वेळा चढला. अकराही वेळा काही झालं नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं मास्तरांना घेतलं, काकूंना घेतलं, आणि नवरदेवाच्या दाराशी गाडी बंद केली. तो शर्टाची बाही नीट करत आत बसल्यावर ती मागे वळली आणि तिघांना सगळं सांगितलं. सोमवारच्या आठ दिवस आधीचा हिसका, जो तिनं लपवला होता, तोसुद्धा. बुधवारी मागच्या दारानं का नेलं, तेही.

"म्हणजे सोमवारी आम्ही गेलो असतो," नवरदेव म्हणाला.

"हो."

"आणि त्याच्या आधीही."

"हो. तेव्हा मी सांगायला हवं होतं."

मास्तर काचेबाहेर बघत होते. "अकरा वेळा चढलात म्हणता. पोत्यांनी."

"अकरा."

"अकरा काही फार मोठी संख्या नाही," ते म्हणाले. "पण मला शंभरापर्यंत थांबायला वेळ नाही. चला."

काकूंनी झगा घडी करून पिशवीत घातला. दार उघडायला त्यांना दोनदा ओढावं लागलं. "मी दुसऱ्या गाडीनं येते गं," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर राग नाही. तू मला पोरीसारखी. पण माझं काळीज ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

"बरोबर आहे काकू."

"आणि तू लपवलंस ते मला आवडलं नाही."

"नाहीच आवडणार."

ताईनं उतरून त्यांना हात दिला, फोन करून दुसरी गाडी बोलावली आणि ती येऊन काकू तीत बसेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

दवाखान्याच्या चढाला दांडा खाली होता. वॉचमननं काचेतून ओळख दिली आणि उगाचच दोन पावलं मागे सरकला. ताईला ते दिसलं. गाडी चढावर थांबली होती, ब्रेक तिच्या पायाखाली होता, आणि पाय तिथून निघायला तयार नव्हता. दांडा वर गेला. कठड्याच्या पडलेल्या विटा कुणीतरी नीट रचून ठेवल्या होत्या. बाकड्यावर आज एक बाई बसली होती, पाय हलवत.

मागून हॉर्न वाजला.

"वाजू दे," नवरदेव मागून म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती.

ताईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्या बाईला हाक मारली. "ओ बाई! जरा उठून बाजूला उभ्या राहता का? एवढी गाडी वर येईपर्यंत."

बाई उठली, कपाळाला आठ्या घालून भिंतीशी गेली. ताईनं बाकडं रिकामं झालेलं नीट बघून घेतलं, मग रेस दिली आणि डावा पाय क्लचवर तसाच टेकवून ठेवत गाडी वर नेली.